अण्णांचा वस्तरा

अण्णांचा उजवा हात थरथरू लागला, तेव्हा जर्मनीतल्या झोलिंगेनचा त्यांचा वस्तरा आमच्याकडे आला. जिलेट यांच्या सेफ्टी रेझरला १९०४ साली पेटंट मिळाले. अण्णांनी त्याची दखल शंभर वर्षांनंतरही घेतलेली नव्हती.

सरावाला अर्थातच आमचे गाल. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा ओढताना पाठ पुढे आणि धार मागे हवी. आम्ही उलटे केले आणि पट्टाच कापला. अण्णा काही बोलले नाहीत, हे अधिक लागले. पाते गालाशी साधारण ३० अंशांत धरायचे, दुसऱ्या हाताने कातडी ताणायची आणि जोर मुळीच द्यायचा नाही. हे शेवटचे उमगायला आम्हाला महिना लागला. (तोवर तुरटीचा खडा निम्मा झिजला होता.) गाल तसे सोपे, हनुवटीखाली मात्र केस दिशा बदलतात, तिथे आधी बोटांनी चाचपून पाहावे लागते.

दोन महिन्यांनी अण्णांना खिडकीपाशी बसवले. गाल नीट झाले. गळ्याशी आलो आणि आमचा हात थबकला. अण्णांनी डोळे मिटले, हनुवटी वर केली.

"साबण वाळतोय," ते म्हणाले.