घाट उतरून येणारा आवाज

मार्गशीर्ष सरता सरता मुरबाड तालुक्यातील भातखाचरे रिकामी होतात, मळणी उरकून धान्य कणगीत पडते, पेंढ्याची उडवी बांधाबांधावर उभी राहतात, आणि वर्षातून एकदाच ज्याच्या कनवटीला चार पैसे असतात अशा कुणब्याच्या, ठाकराच्या, आगऱ्याच्या मनात पौषी पौर्णिमेचा, म्हणजे म्हसाच्या जत्रेचा, विचार घोळू लागतो. मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे म्हसा गाव एरवी कोणाच्या खिजगणतीत नसते. परंतु खांबलिंगेश्वराची यात्रा भरली, की पंचक्रोशीतीलच नव्हे तर घाटावरचीही माणसे तेथे लोटतात, बैलांचा बाजार भरतो, घोंगड्यांची दुकाने मांडली जातात, आणि कापणी झालेल्या त्याच शेतांतून, जेथे भाताची धसकटे अजून पायाला बोचत असतात, तमाशाच्या फडांच्या कनाती उभ्या राहतात.

हे फड बहुधा माळशेजचा घाट उतरून येतात. घाटमाथ्यावरून ओतूर, आळेफाटा ओलांडून पुढे गेले की नारायणगाव लागते, आणि नारायणगाव ही तमाशाची पंढरी. तेव्हा आमच्या भागाला जी गाणारी आणि नटी लाभली, ती मुंबईच्या बाजूने आगगाडीने आलेली नव्हे, तर सह्याद्रीवरून खाली उतरलेली, हे ध्यानात ठेवले पाहिजे. याच डोंगररांगेत, वैशाखऱ्याच्या अंगाने, त्याहून पुरातन असा नाणेघाट चढतो. सातवाहनांच्या अमदानीत तेथे जकात घेतली जाई असे म्हणतात, आणि जकातीच्या नाण्यांचा म्हणून एक दगडी रांजण आजही दाखविला जातो. तेथील लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतील विख्यात लेख आहे. कोणते यज्ञ केले, किती गायी दिल्या, किती घोडे, किती कार्षापण, याची जंत्री त्यात एखाद्या दक्ष फडणिसाने लिहावी तशी मांडलेली आहे. समोरच्या भिंतीवर राजपुरुषांच्या आणि खुद्द राणीच्या प्रतिमा होत्या. त्या कालौघात नष्ट झाल्या, आणि आज वर नावे व खाली पावलांच्या खुणा एवढेच शिल्लक आहे. राणीने दिलेली दक्षिणा दगडावर राहिली. या डोंगरातून पिढ्यान् पिढ्या बैलगाडीने, पुढे मालमोटारीने उतरलेल्या नाचणाऱ्या-गाणाऱ्या स्त्रियांना काय बिदागी मिळाली, तिची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही.

मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिणारे विद्वान 1 जुलै 1933 या दिवसाचा उल्लेख मोठ्या आदराने करतात, कारण त्या दिवशी नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आणले आणि ज्योत्स्ना भोळे व पद्मा वर्तक यांनी त्यात पुरुष नटांच्या बरोबरीने स्त्रीभूमिका केल्या. तो आदर यथार्थच आहे. बालगंधर्वांच्या शालूने ज्यांचे डोळे दिपले होते अशा प्रेक्षकांसमोर खऱ्या स्त्रीने उभे राहणे हे धाडस होते. परंतु त्याआधी कित्येक वर्षे संगमनेर तालुक्यातील हिवरगावची पवळा तमाशाच्या बोर्डावर उभी राहिली होती. 1870 साली जन्मलेल्या या स्त्रीने नाच्या पोऱ्याची जागा घेतली, आणि पठ्ठे बापूराव या नावाने गाजलेल्या, रेठरे हरणाक्षचे कुलकर्णीपण सोडून फडात आलेल्या ब्राह्मण शाहिराच्या कवनांना आपला कंठ दिला. सुशिक्षित समाजाने 1933 ची नोंद आरंभ म्हणून केली आणि पवळेला लोककलेच्या परिशिष्टात ढकलले; कारण उघड आहे, एकीच्या डोक्यावर नाट्यगृहाचे छप्पर होते, दुसरीच्या डोक्यावर आभाळ.

पवळा 1939 मध्ये गेली. त्याच्या चार वर्षे आधी पंढरपुरास विठाबाई नारायणगावकर यांचा जन्म झाला होता. आजे नारायण खुडे यांनी उभा केलेला आणि वडील भाऊ व चुलते बापू यांनी नावारूपास आणलेला ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हा फड हेच त्यांचे घर आणि हीच त्यांची शाळा. कोणत्या उस्तादाकडे गंडा बांधला, कोणत्या घराण्याची तालीम घेतली, असे प्रश्न गायिकेच्या चरित्रात विचारण्याची आपल्याकडे रीत आहे. येथे ते गैरलागू ठरतात. ज्या मुलीला ढोलकीच्या तोड्यांत झोप लागत असेल, तिच्या अंगात ताल कोणत्या वर्षी आला हे कोण सांगणार? पुढे त्यांनी स्वतःचा फड काढला, 1957 मध्ये आणि पुन्हा 1990 मध्ये राष्ट्रपतिपदकाच्या मानकरी झाल्या, 1960 च्या दशकात सैन्यातील जवानांसमोर खेळ केले, ‘तमाशासम्राज्ञी’ म्हणून लौकिक मिळविला. आणि 15 जानेवारी 2002 रोजी त्या निवर्तल्या, तेव्हा रुग्णालयाचे देणे भागविण्यास चाहत्यांची वर्गणी लागली. राज्य सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला तो 2006 मध्ये. आपल्याकडील दरबारी कृतज्ञतेची चाल ही अशी मंद असते.

त्यांच्याविषयीची एक कथा सर्वत्र सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, कनातीमागे जाऊन त्या बाळंत झाल्या, नाळ दगडाने ठेचून तोडली आणि पदर खोचून पुन्हा खेळात उभ्या राहिल्या, अशी ती कथा. ऐकणारा ‘धन्य ती माउली’ म्हणतो आणि सांगणारा मिशीवरून हात फिरवतो. मला तिच्यात आधी सुपारी दिसते. फडमालकाने गावच्या पंचांकडून विसार घेतला, की खेळ झालाच पाहिजे. न झाला तर पैसे परत, शिवाय बदनामी, आणि फडातील पन्नाससाठ पोटांना दुसऱ्या दिवशीची चूल पेटण्याची भ्रांत. जेथे नटी हीच मालकीण, तेथे रजेचा अर्ज तिने कोणापुढे करावयाचा? असा करार पाळणाऱ्या बाईची स्तुती करण्याआधी त्या कराराकडे एकदा निरखून पाहावे, एवढेच माझे म्हणणे.

आणि तरीही या स्त्रीच्या कर्तृत्वाचा विचार केवळ दुःखाच्या अंगाने केला तर तिच्या विद्येवर अन्याय होईल, कारण ती विद्या मोठी बिकट आहे. आरंभी गण होतो, तो पुरुषांचा. ढोलकी, हलगी, कडे यांची झड उठते, तुणतुण्याचा एकच सूर खालून अखंड वाहत असतो, आणि मग गवळणीला ती येते. मथुरेच्या बाजारास निघालेली गवळण म्हणून ती मावशीसह कृष्णाशी व पेंद्याशी हुज्जत घालते, घटकाभरात हीच बाई लावणीत शृंगाराची अधिष्ठात्री होते, मध्यरात्र उलटल्यावर वगात ती एखाद्या राजाची टाकलेली राणी असते, आणि त्या वगाची संहिता म्हणावी तर बहुधा कोठे लिहिलेलीच नसते. कथानक ठरलेले, पण संवाद तोंडचे, सोंगाड्याने ऐनवेळी जो तिरकस प्रश्न टाकला त्याचे उत्तर त्याच क्षणी सुचले पाहिजे, आणि सुचून तालात पडले पाहिजे. ध्वनिक्षेपक नव्हता त्या काळी हे सारे चढ्या पट्टीत, थंडीच्या उघड्या रात्री, बैलांच्या हंबरण्यावर मात करून, शेवटच्या रांगेतील घोंगडीवाल्यापर्यंत पोहोचवावे लागे; कडव्याचा शेवट झीलकरी उचलून धरीत तेवढीच श्वास घेण्याची सवड. संगीत नाटकातील नट पद सुरू झाले की अभिनय खुंटीला टांगून ठेवीत असा आक्षेप पूर्वीचे टीकाकार घेत. तमाशातील गाणारीला ती चैन परवडण्यासारखी नव्हती, कारण तिचे गाणेच मुळी समोरच्या माणसाला दिलेले उत्तर असे. मध्येच कोणी दौलतजादा करी, त्याचे नाव घेऊन तिला पुन्हा मूळ भूमिकेत शिरावे लागे.

अशी विद्या आणि अशी वागणूक यांची सांगड केवळ आपल्याच देशात घातली गेली असे नाही. जपानात 1603 च्या सुमारास ओकुनी नावाच्या स्त्रीने क्योतो शहरी कामो नदीच्या कोरड्या पात्रात नाच मांडला, आणि काबुकी या नाट्यप्रकाराचा उगम तिच्यापासून धरतात. नदीच्या पात्रातील जमिनीवर सारा नसे, म्हणून बहिष्कृत आणि खेळ करणारी माणसे तेथे राहत. आमच्या पीक काढलेल्या खाचरात फड उभा राहतो, हे पाहताना मला त्या वाळवंटाची आठवण होते. 1629 मध्ये तेथील राज्यकर्त्यांनी स्त्रियांना रंगमंचावरून हद्दपार केले आणि पुढे अडीचशे वर्षे पुरुषच स्त्रिया झाले. विसाव्या शतकात मात्सुई सुमाको ही नटी उदयास आली; 1911 मध्ये तिने इब्सेनची नोरा उभी केली, 1914 मध्ये टॉल्स्टॉयच्या ‘पुनरुत्थाना’च्या नाट्यरूपात कात्यूशा होऊन तिने एक गाणे म्हटले, आणि त्या गाण्याच्या तबकड्या जपानभर गेल्या. नाट्यगुरू व प्रियकर शिमामुरा होगेत्सू इन्फ्लुएंझाने वारल्यावर, बरोबर दोन महिन्यांनी, 5 जानेवारी 1919 रोजी, तिने गळफास लावून घेतला. तिचा आवाज तबकडीवर राहिला. आमच्याकडील सरकारने स्वातंत्र्याच्या आगेमागे तमाशावर बंदी घातली, नंतर सुधार समिती नेमून अटींवर ती उठविली. शृंगार किती असावा हे ठरविणाऱ्या पंडितांपैकी कितीजणांनी धसकटांत बसून एक अख्खी रात्र ऐकली असेल, हा प्रश्न मी येथे नुसता करून ठेवतो.

शहापूरच्या बाजूचा श्रोता थोडा निराळा. आसनगावच्या स्टेशनावरून गाडी धरून जे तरुण गिरणीत लागले, त्यांना नारायणगावचे फड लालबागच्या हनुमान थिएटरात छपराखालीही ऐकता येत, आणि गावी आल्यावर ते तुलना करीत. पण माझ्या मते या स्त्रियांचा सर्वांत चिकित्सक श्रोतृवर्ग तिकीट काढून आत आलेलाच नव्हता. कनातीच्या आत बायकांनी जाण्याचा रिवाज पूर्वी नव्हता. तथापि पौषातील निवांत रात्री आवाज कोसभर जातो, आणि दिवसभर हंडे वाहून अंथरुणाला पाठ टेकलेल्या बाया ते गाणे ऐकत पडत. मुरबाडकडील एक वृद्धा मला म्हणाली, “तिचा तोंड कदी बघला नाय, पन गला बसला असंल तं आमाला पयला कललं.” नाचाची, नेत्रकटाक्षाची, नऊवारीच्या झळाळीची कोणतीही लाच न घेता केवळ सुरावर दिलेला असा निवाडा कोणत्या संगीतसभेत मिळणार?

हल्ली रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास कायद्याची मनाई असल्यामुळे उत्तररात्रीचा वग आखडला आहे, गवळण घाईने उरकते, आणि तरुण प्रेक्षक चित्रपटातील गाण्यांची फर्माईश करतात. 2020 साली महामारीत जत्राच बंद झाल्या तेव्हा कित्येक फडमालक कर्जात बुडाले. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांच्यासारख्यांनी तरीही कनाती गुंडाळून ठेवल्या नाहीत. चैत्री पाडव्याच्या सुमारास नारायणगावी रस्त्याच्या कडेला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रापंच जीप करून येतात, चहा होतो, मालमोटारी किती, माणसे किती, परवान्याची जबाबदारी कोणाकडे, याची घासाघीस चालते, आणि पावतीवर सही करण्यापूर्वी एखादा म्हातारा पंच टोपी सारखी करीत राहुटीतल्या व्यवस्थापकाला विचारतो, “ते समदं खरं, पन औंदा गाणारी कोन हाय?”