मानी चेरी

रंध्याखालून नुकतीच निघालेली चेरीची फळी पाहिली की नवख्या माणसाचा हमखास विरस होतो. चेरी म्हणजे गडद लाल, असं धरून तो आलेला असतो आणि समोर असते एक फिकट, किंचित गुलाबी झाक असलेली फळी, कडेला पांढुरका पट्टा मिरवणारी. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला : "हिला स्टेन कुठला मारायचा?" चेरीशी होणारी बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात.

ही खायची चेरी नव्हे, तिची अमेरिकेतली रानटी बहीण, ब्लॅक चेरी. माहेर पेनसिल्व्हेनियाच्या वायव्य भागात, ॲलेगेनी पठारावर. तिथलं केन हे छोटं गाव स्वतःला जगाची ब्लॅक चेरी राजधानी म्हणवतं. साधारण १८९० ते १९३० या काळात या पठारावरची जुनी जंगलं सरसकट तोडली गेली. उघड्या जमिनीवर ऊन आलं आणि उन्हाची हावरी चेरी इतरांच्या आधी वर सरकली. सावलीत राहणं तिला कधी जमलंच नाही. आज आपल्याला मिळणारी चांगली फळी बहुधा त्याच पिढीची. जुन्या झाडाची साल खवल्याखवल्यांची, काळी, कडा वळलेली. जळलेल्या बटाटा वेफर्ससारखी. त्या सालीचा खोकल्याच्या औषधात वापर झाला, पण सुकत चाललेल्या पानांत सायनाइड तयार होतं. म्हणून वादळात मोडलेली फांदी गुरांच्या कुरणात पडून राहू दिली जात नाही.

कारखान्यात आल्यावर तिचा स्वभाव उलगडत जातो. धारदार हत्याराशी तिचं छान जमतं. कठीणपणात ती सागाच्या आसपासची, रेषा बारीक आणि बहुतेक सरळ. रंधा अडखळत नाही. पण पातं बोथट असलं, किंवा यंत्राच्या करवतीवर फळी क्षणभर थबकली, की तिथल्या तिथे जळते. कडेवर उमटलेला तो काळा डाग काढताना सुताराचा घाम निघतो. अंगावर मधूनच बारीक काळ्या रेघा दिसतात. किडीने पोखरलेल्या जागी झाडाने भरलेला तो डिंक. काही जण अशी फळी परत करतात. जाणकार तीच मुद्दाम टेबलाच्या वरच्या बाजूला लावतात.

आता स्टेनचं बघू. एखाद्या टाकाऊ तुकड्यावर गडद तपकिरी स्टेनचा फडका फिरवा. रेषा सरळ आहेत तिथे रंग बेताने बसतो. जिथे त्या वळून पृष्ठभागाला टोकाने भिडतात, तिथे लाकूड अधाशासारखं पितं. मिनिटभरात फळीवर काळपट ढग जमतात. फडक्याने पुसलं तर आजूबाजूचा रंग निघतो, ढग राहतात. हात चालवणाऱ्याचा यात दोष नसतो. चेरीचं अंग सगळीकडे सारखं पीत नाही, एवढंच.

त्यातूनही रंग द्यायचाच असेल, तर आधी तिची तहान भागवावी लागते. लिटरभर स्पिरिटात साधारण १२० ग्रॅम मेण काढलेला लाखेचा चपडा विरघळवायचा, त्याचा एक पातळ हात मारायचा, वाळल्यावर बारीक काचपेपर हलक्या हाताने फिरवायचा आणि मग रंग. किंवा जेल स्टेन घ्यायचा. तो घट्ट असल्यामुळे फारसा आत शिरत नाही. दोन्ही उपायांनी ढग कमी होतात. तरी तुकड्यावर पाहिल्याशिवाय टेबलाला हात लावू नये.

तिची खरी तक्रार मात्र तोतयांबद्दल असावी. डब्यावर "चेरी" लिहिलेला तो तांबडा स्टेन बहुतेकदा पॉपलर, बर्च, मेपल यांना चेरीचं सोंग देण्यासाठी वापरला जातो. आपल्याकडे सनमायकाच्या शेड कार्डातही चेरी भेटते. ती तर नुसती कागदावरची छपाई. सोंगं एवढी प्रसिद्ध झाली की अस्सल चेरी समोर आली तरी लोक तिलाच विचारतात, तुझा रंग कुठे गेला?

तो यायचा असतो. तेवढी कळ काढणारी सोबत निवडणं, हाच पॉलिशचा प्रश्न. अळशीचं तेल हा तिचा जुना स्नेही. पहिल्याच हातात फळी एकदम खोल दिसू लागते आणि आपण जागा बदलली की आतली झळाळीही सरकते. तेलाचे बोळे मात्र चुरगळून टाकू नयेत. वाळताना ते तापतात आणि आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवायचे. दुसरी सोबत लाखेची, आणि तिथे आपलं नातं लागतं. झारखंडातल्या पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवरची लाख चपडा होऊन जगभर जाते. त्यातला गडद, गार्नेट म्हणतात तो चपडा चेरीला लगेच उबदार करतो. पण सांडलेलं मद्य आणि गरम भांडं त्याला सोसत नाही, म्हणून जेवणाच्या टेबलाला वरून वॉर्निश किंवा पॉलियुरेथेन बरं. पाण्यातलं पॉलिश एकटंच लावलं तर चेरी जरा निस्तेज दिसते. खाली चपड्याचा हात असला की सुधारते.

बाकीचं काम उजेडाचं. उजेडात चेरी रापते. पहिले काही महिने भराभर, मग सावकाश, आणि शेवटी लोक स्टेनच्या डब्यात शोधत होते त्या तांबूस तपकिरीवर येऊन स्थिरावते. कडेचा पांढुरका पट्टा तेवढा तसाच फिकट राहतो, म्हणून तो नको असेल तर फळी कापतानाच काढावा. मध्ये दिवा किंवा फुलदाणी एकाच जागी ठेवलीत तर खाली तिचा फिकट ठसा राहतो. जागा बदललीत की तोही हळूहळू भरून येतो.

वाढवता येणारं जेवणाचं टेबल करणाऱ्याने एवढ्यावर लक्ष ठेवावं. जादा फळी कपाटात पडून राहिली, तर सणाला पाहुणे आल्यावर ती दोन रापलेल्या अर्ध्यांच्या मधोमध गोरीमोरी होऊन बसते. एकाच झाडाच्या फळ्या आहेत हे कोणाला पटत नाही. तेव्हा पहिलं वर्षभर ती फळीही टेबलाला जोडलेलीच ठेवावी, पाहुणे असोत वा नसोत.