किनारा तशी होडी

पाण्यावर तरंगणाऱ्या सगळ्यालाच आपण ‘होडी’ म्हणतो. माझ्या सासऱ्यांना, अप्पांना, ते मुळीच खपत नसे. ते मालवणचे. दोन-तीन डोलकाठ्यांची, पुढे लांब नाळ असलेली आणि तोफा वाहणारी ती गुराब. तिच्याहून लहान, चपळ, शिडांच्या जोडीला चाळीस-पन्नास वल्ही असलेलं ते गलबत. वारा पडला की गलबतं वल्हवत गुराबांना ओढून नेत. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराची मदार या जोडीवर होती. माल वाहायचा तर शिबाड. हे सारं अप्पा नातवाला पाढ्यांसारखं शिकवत.

1997 साली यांची बदली तांबरमच्या हवाई दलाच्या तळावर झाली. अप्पा राहायला आले, तेव्हा आम्ही त्यांना चेन्नईजवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर नेलं. तिथे वाळूवर दोरांनी एकत्र बांधलेले ओंडके पडले होते. अप्पा म्हणाले, “ही कसली होडी? पाणी सरळ आत येणार!”

सोबतच्या तमिळ शेजारीणबाई हसल्या. “येतं तसंच निघूनही जातं, अप्पा.”

त्याचं नाव कट्टुमरम. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. यावरूनच इंग्रजांनी ‘कॅटॅमरान’ शब्द घेतला. आजची दोन सांगाड्यांची कॅटॅमरान मात्र वेगळी.

अप्पा बराच वेळ लाटा बघत राहिले. मग त्यांनीच उलगडा केला. कोकणात आसऱ्याला खाड्या आहेत. इथे सरळसोट वाळू आणि तिच्यावर फुटणाऱ्या लाटा. पोकळ होडी पाण्याने भरेल. ओंडके बुडणार कसे? परतल्यावर दोर सोडायचे, लाकडं वाळवायची. मद्रासला बंदर नव्हतं तेव्हा जहाजं दूर उभी राहत आणि उतारू मसुला नावेतून किनाऱ्याला येत. तिच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याने शिवलेल्या असत. लाट आदळली तर ती लवे, फुटत नसे.

“आमची होडी शहाणी आणि यांची अडाणी, असं नव्हे,” अप्पा म्हणाले. “जसा किनारा, तशी होडी.”

पुढे, विशेषतः 2004च्या त्सुनामीनंतर, या किनाऱ्यावर फायबरच्या बोटी वाढल्या. कष्ट वाचत असतील तर कोळ्यांनी त्या का घेऊ नयेत? पण होडी गेली की तिचं नावही पुसलं जातं. अप्पा आता नाहीत. माझ्या मुलाला मात्र गुराब आणि कट्टुमरम, दोन्ही ठाऊक आहेत. अप्पांच्या इस्टेटीत मी हेही धरते.