गादीखालची हवा

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीला थंडी उशिरा येते, पण आली की रीतसर येते. शिवारात कापसाचा दुसरा वेचा सुरू असतो, तुरीला शेंगा धरलेल्या असतात, आणि पहाटे बोर धरणाच्या बाजूने धुकं सरकत रस्त्यावर येतं. दिवसा अंगातला सदरा नकोसा वाटतो आणि रात्री पारा 10-12 अंशांपर्यंत उतरतो. दिवस आणि रात्रीतलं हे अंतर माणसाला सोसतं. गादीला मात्र ते बाधतं.

बोरचं जंगल इथून जवळ. 1970 साली ते अभयारण्य झालं, 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प. तेव्हा तो जेमतेम 138 चौरस किलोमीटरचा, देशातला सर्वांत लहान होता. वाघ बघायला शहरातली मंडळी येतात. 2021 मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून गाडीमागे घर जोडून हिंडण्याची भाषाही आपल्याकडे रुळू लागली आहे. अशा ट्रेलरमध्ये झोपणाऱ्यांची तक्रार जगभर एकच असते. रात्री छान झोप लागते, पण काही दिवसांनी गादी उचलून पाहावी तर खालचा प्लायवूड ओला आणि गादीच्या पोटाला काळे ठिपके. मग संशय छतावर जातो, खिडकीच्या रबरावर जातो, दवावर जातो. चोर मात्र घरातच, गादीवर पांघरूण घेऊन झोपलेला असतो.

त्वचेतून आणि श्वासातून माणूस दिवसभरात, घाम न येताही, पाऊण लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. म्हणजे एका रात्रीचं पाव लिटर. दोघं असले तर अर्धा लिटर. यातली काही वाफ गादीत शिरते आणि खाली झिरपते. ट्रेलरची फळी खालून उघड्यावरच्या थंडीला टेकलेली. आतली हवा 22 अंशांची आणि आर्द्रता 70 टक्के असेल, तर 16 अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर त्या वाफेचं पाणी होतं. गंमत अशी की गादी जितकी जाड, तितकी अंगाची ऊब फळीपर्यंत कमी पोचते. फळी अधिक थंड राहते आणि ओल वाढते. त्यात गारठ्यामुळे आतच शेगडी पेटवून चहा टाकला तर आणखी भर. स्वयंपाकाचा एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन त्याच खोलीत फिरतं.

आमच्याकडे चाकांवर झोपणं काही नवं नाही. कापूस भरलेलं खासर, म्हणजे बैलगाडी, बाजाराला निघालं, की वाटेतली रात्र खासरावरच जायची. बूड फळ्यांचं, फळ्यांमध्ये फटी. बाजूला बांबूचे तट्टे. रिकामं परत येताना खाली कडब्याच्या पेंढ्या आणि त्यावर घोंगडी. सकाळी वरचं पांघरूण दवाने जड झालेलं असे, पाठीखालचं कोरडं. धांड्यांमधून रात्रभर वारा जात असे. कुणी हे शास्त्र म्हणून केलं नव्हतं. बैलांना लागणारा कडबा सोबत होताच, तो अंगाखाली आला इतकंच.

घरातली बाज मात्र विचारपूर्वक केलेली. चार पाय, चार लाकडं, अंबाडीच्या दोरीची वीण आणि पायथ्याला ताणायची दोरी. झोळ पडला की ती दोरी ओढून बाज पुन्हा ताठ करायची. त्या विणीतून हवा खालून वर, वरून खाली मोकळी फिरते. पुढे दिवाण आले. पोटात रजया आणि जुने कपडे ठेवायची सोय, वर सलग प्लायवूड. सोय झाली, वारा बंद झाला. ट्रेलरमधली झोपायची जागा म्हणजे असाच एक दिवाण. पोटात सामान, वर गादी, मध्ये काहीच नाही.

आजीला दिवाण कधी पटला नाही. आश्विनातलं ऊन पडलं की ती आईला म्हणायची, "गादीले ऊन दाखव वं, नाहीतं वल धरते." कापूस ओल धरतो हे वर्धा जिल्ह्यात शिकवावं लागत नाही. सरकारी खरेदी केंद्रावर 8 टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या कापसाला पूर्ण हमीभाव, पुढे टक्क्यागणिक कपात, आणि 12 टक्क्यांच्या वर गाडी माघारी. दमट हवेत कापूस आपणहून पाणी ओढतो, कोरड्या हवेत सोडून देतो. म्हणून त्याच्या गादीला ऊन पुरतं. फोमचं वेगळं. तो पाणी पीत नाही, पुढे जाऊ देतो, आणि ते फळीवर साचतं. त्याखाली प्लास्टिक अंथरणारे तर ओलीला कायमचं घर बांधून देतात.

उपाय साधेच आहेत. सलग फळीऐवजी पट्ट्या, किंवा फळीला भोकं; त्यावर काथ्याची जाळीदार चटई. रात्री समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या. चहा बाहेर. आणि उठल्याबरोबर पलंगपोस घालून अंथरूण देखणं करण्याची घाई नको. गादी भिंतीला उभी टेकवून तासभर राहू द्यावी. हे हिवाळ्याचं झालं. श्रावणात बाहेरचीच हवा ओली असते, तेव्हा खिडकी उघडून फारसं हाती लागत नाही. पंखा लावावा, उघडीप मिळाली की गादी बाहेर काढावी, आणि विदर्भाचा उन्हाळा उरलेलं काम करील यावर विश्वास ठेवावा. मे महिन्यातल्या गच्चीवर बुरशी काय, ढेकूणही टिकत नाही.

ओल म्हटली की आपण फटी बुजवायला धावतो. पाऊस अडवायला ते ठीकच. पण ही ओल आपल्याच अंगाची. तिला आत येऊ द्यायचं नाही असं म्हणून चालत नाही, ती आत जन्मते. तिला जायला वाट लागते, आणि ती वाट बोटभर पोकळीची असते. गादीच्या दुकानात जाडीचे इंच मोजून पैसे घेतात. खालच्या त्या बोटभर पोकळीचे कुणी पैसे लावत नाही, म्हणूनच बहुधा दुकानदार तिच्याबद्दल काही बोलत नाही.