गोळी घेतली का?



१४ नोव्हेंबर हा बालदिन आपण सारेच जाणतो. जागतिक मधुमेह दिनही याच दिवशी असतो. इन्सुलिनच्या शोधातील अग्रणी फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म १८९१ साली याच तारखेला झाला. म्हणून यंदा बालमित्रांशी आजी-आजोबांच्या औषधांविषयी बोलावे, असे आम्ही ठरवले.

आम्हाला स्वतःला टाइप-२ मधुमेह आहे. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे बाहेर 'परहेज' आणि घरी 'पथ्य' असे दोन्ही शब्द कानांवर पडत आले. पण ऐकणाऱ्याचे लक्ष दोन्ही वेळा ताटाकडेच जाते. पोहे-जिलबीच्या या इंदूर शहरात 'जिलबी सोडली का?' असे सगळे विचारतात. 'गोळी घेतली का?' असे सहसा कोणी विचारत नाही.

हा आजार बरीच वर्षे दुखत-खुपत नाही, हीच अडचण आहे. आमच्या वडीलबंधूंचा रिपोर्ट एकदा चांगला आला. "आता शुगर ठीक झाली," म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या. वास्तविक ती गोळ्यांमुळेच आटोक्यात होती. काही वर्षांनी वर्तमानपत्रातील अक्षरे पुसट दिसू लागली. डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली होती. लेझर उपचाराने पुढचे नुकसान थांबले, पण गेलेली नजर परत आली नाही. आता नातू त्यांना पेपर वाचून दाखवतो. नातवाचे कौतुक आहेच, पण स्वतः वाचण्याचे सुख निराळे.

ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवणाऱ्यांत डोळे, मूत्रपिंड अशा बारीक रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका २५ टक्क्यांनी कमी आढळला. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार, विकसित देशांतही दीर्घ आजाराचे सुमारे ५० टक्के रुग्णच औषध नियमाने घेतात.

गोळ्या सुटण्याची कारणे घरोघरी सारखीच असतात. कोणाला खर्च जड जातो, कोणाचे पोट बिघडते, कोणाला 'सवय लागेल' अशी भीती वाटते. यावर उपाय आहेत. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. ते मात्रा किंवा गोळी बदलून देतात. जनऔषधी केंद्रात बरीच औषधे स्वस्त मिळतात. एकादशी-नवरात्रीच्या उपवासाआधी गोळ्यांचे काय करायचे, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. उपाशीपोटी काही गोळ्यांनी साखर एकदम उतरते. दर तीन महिन्यांच्या तपासणीचा कागद जपून ठेवावा.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी एकच काम. आठवड्याच्या सात खणांच्या डबीत मोठ्यांच्या देखत गोळ्या भरायला मदत करा, आणि जेवणाच्या वेळी आठवणीने विचारा, "आजोबा, गोळी घेतलीत?" मात्र विचारताना परीक्षकाचा आवाज लावू नका. तो आम्ही शाळेत पुरेसा लावतो!