स्वर साठविताना

गाण्याचे आयुष्य फुलाहूनही अल्प. फूल निदान संध्याकाळपर्यंत टिकते. ओठांवरची ओळ उच्चारताक्षणी विरून जाते. वसईच्या आमच्या सामवेदी वस्तीत लग्नघरी वृद्ध स्त्रिया जी गाणी म्हणत आल्या, ती बव्हंशी आईच्या मुखातून लेकीच्या मुखात गेली. आता ती जाणणाऱ्या आज्या मोजक्याच उरल्या आहेत. म्हणून आम्ही गायनवृंदातील पाचसहा जणांनी ध्वनिमुद्रणाचे प्राथमिक धडे घेण्याचे ठरविले.

पहिला धडा अंतराचा होता. मोकळ्या जागी गाणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते. १९०२ साली फ्रेड गेसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा मायक्रोफोन नव्हताच. गायिकेला कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. विद्युत ध्वनिमुद्रण आले ते १९२५ साली. साधने बदलली, पण अंतराचे गणित तेच राहिले.

दुसरा धडा जागेचा. चर्चच्या उंच छताखाली समूहगान भरदार होते, परंतु एकट्या म्हाताऱ्या कंठातील शब्द त्या घुमाऱ्यात एकमेकांत मिसळतात. आम्ही एका जुन्या घराची माजघरातली खोली निवडली, भिंतींवर गोधड्या टांगल्या, पंखा व फ्रिज बंद केला. आमचा मायक्रोफोन कंडेन्सर जातीचा होता. त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि त्याचा पातळ पडदा बांगड्यांची किणकिणही टिपतो.

तिसरा धडा आकड्यांचा. माणसाचा कान फार तर सेकंदाला २०,००० कंपने ऐकतो. ती नोंदवायची तर दुपटीहून अधिक नमुने हवेत. म्हणून सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात. या मोजपट्टीला शून्य डेसिबल हे छत असते. स्वर त्याला आदळला की त्याचा माथा छाटला जातो आणि तो पूर्ववत करणे अवघड. यास्तव मोठ्यात मोठा स्वरही आम्ही शून्याच्या १२ डेसिबल खालीच ठेवला.

खरा पेच पुढेच होता. एक आजी तिसऱ्या कडव्यावर अडल्या. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने हळूच ओळ पुरविली आणि गाणे पुढे सरकले. दोघींपुढे मायक्रोफोन एकच असल्याने ते कुजबुजणे गाण्यातच मुद्रित झाले. आमच्यातील तरुणांचे म्हणणे पडले, की तेवढा भाग कापावा, कडवे पुन्हा गाऊन घ्यावे, डळमळते सूरही सरळ करावेत. नाही तर आजची मुले ऐकणार नाहीत. सूर सरळ करणारे ऑटोट्यून १९९७ पासून उपलब्ध आहे, तेव्हा काम अशक्य नव्हते. दुसरा पक्ष म्हणाला, पेटीच्या पट्ट्यांत न बसणारे ते स्वर हेच या गाण्याचे अंग आहे. एकीने विसरावे आणि दुसरीने सांगावे, अशीच तर ही गाणी टिकली.

वाद मिटला तो दोन प्रती करून. मूळ ध्वनिफीत अस्पर्श ठेवली. तिच्या नकलेवर संपादन केले, आणि त्यातही सूर हलविले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात ओळ पुरविणाऱ्या त्या मैत्रीण आजी देवाघरी गेल्या. त्यांच्या मुलांनी आमच्याकडे मागणी केली, ती स्वच्छ प्रतीची नव्हे, मूळ प्रतीची. आईचा तेवढाच आवाज त्यांच्यापाशी उरला होता.

वाचकहो, आपल्या घरीही असा एखादा कंठ असेल. महागड्या यंत्रासाठी थांबू नका, मोबाईलही चालेल. आधी त्यांची अनुमती घ्या. पंखा बंद करा, यंत्र हातभर अंतरावर स्थिर ठेवा. गौहरजान मुद्रिकेत स्वतःचे नाव उच्चारीत असे. तसे आजीलाही नाव, गाव आणि तारीख सांगू द्या. मूळ प्रत कधी पुसू नका, आणि तिच्या तीन नकला तीन निरनिराळ्या घरी ठेवा. पाऊस संपून लगीनसराई सुरू होण्याआधी एक दुपार त्यासाठी राखून ठेवा.