बंदूक घ्यायची झाली तर

वाचकहो, बंदुकीवर लिहायला बसलो आहे म्हणून दचकू नका. मी काही शिकारी नाही की फौजेतून आलेला नाही. रोहे तालुक्यातला साधा शेतकरी. पावसाळ्यात भात आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल, एवढीच माझी शेती. पण डोंगराच्या कडेला ज्याचे शेत आहे त्याला डुकरांचा त्रास काय असतो ते सांगायला नको. एका रात्रीत दहा-बारा डुकरांचा कळप येतो आणि सकाळी शेतात गेले की नांगर फिरवल्यासारखी जमीन उलटलेली दिसते. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. तेव्हा घरात बंदूक असावी असे वाटणे काही वावगे नाही. मलाही वाटले. ती निवडताना काय पाहिले आणि काय शिकलो, ते तुमच्या कानावर घालतो.

आमच्या घरात वडिलांची ठासणीची बंदूक होती. त्यांच्या परवान्याच्या पुस्तकावर 'जिल्हा कुलाबा' असे छापलेले होते. १ जानेवारी १९८१ ला कुलाब्याचा रायगड झाला, पण ते जुने पुस्तक वडिलांनी जपून ठेवले होते. ठासणीच्या बंदुकीचे काम तुम्हाला ठाऊक असेल. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग बोळा, मग छर्रे आणि पुन्हा बोळा. गजाने सारे ठासायचे आणि मागे टोपी बसवायची. एक बार काढला की पुन्हा पहिल्यापासून सारे सोपस्कार. पावसाळी हवेत दारू सर्दावली की नुसतेच फुस्स. वडील हसून म्हणायचे, "हिच्यापेक्षा डुकराला सवड जास्त मिळते."

वडील गेल्यावर ती बंदूक आम्ही लगोलग पोलीस ठाण्यात जमा केली. तसेच करावे लागते. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराचा नव्हे. वडिलांची म्हणून ती तशीच खुंटीला ठेवून दिली तर मुलगा विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हेगार ठरतो. पुढे मी स्वतःच्या नावाने अलिबागला कलेक्टर कचेरीत अर्ज केला. सातबारा, डॉक्टरांचा दाखला, पोलिसांची चौकशी आणि बंदूक हाताळण्याचे प्रशिक्षण, एवढे झाले. हे प्रशिक्षण २०१६ च्या नियमांपासून आले. मला ते आधी उगाचची कटकट वाटले होते. आज वाटत नाही.

परवाना हातात आला तेव्हा पेणहून दाजी आले. दाजी म्हणजे आमच्या आक्काचे यजमान. पेणला त्यांचा गणपतीचा कारखाना आहे. हंगामात रोकड हाताशी येते, रात्री-अपरात्री टेम्पो भरून जातात. त्यांनाही शस्त्राचा परवाना हवा होता. पण बंदूक नको, पिस्तूल हवे होते, आणि तेही मोठ्या बोअरचे. "एकदा हातात घेतलं की समोरचा गार पडला पाहिजे," असे त्यांचे म्हणणे. त्यांचा अर्ज अजून विचारातच होता. पण मी मुंबईला दुकानात निघालो तेव्हा, "बघून तर घेऊ," म्हणत तेही बरोबर निघाले.

दुकानदार वयस्कर आणि समजूतदार निघाला. त्याने आधी मला विचारले, "काका, कशासाठी पाहिजे?" मी म्हटले, "पिकाच्या राखणीसाठी." तो म्हणाला, "मग पिस्तुलाकडे बघूच नका." आणि त्याने कारणे सांगितली. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातच पिकाच्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले तर आतून गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. गुळगुळीत म्हणजे जिच्या नळीत रायफलीसारखे आटे नाहीत ती. आपली बारा बोअर ती हीच.

हे 'बारा बोअर' काय प्रकरण आहे, हे मी आयुष्यभर ऐकत आलो होतो, पण अर्थ त्या दिवशी कळला. नळीच्या तोंडात बरोबर बसेल एवढी शिशाची गोळी केली, तर अशा बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते. म्हणून बारा बोअर. सोळा बोअरला सोळा गोळ्या लागतात, म्हणजे तिची नळी बारीक. आकडा मोठा तशी नळी लहान. पिस्तुलाचे उलटे. तिथे आकडा इंचाचा भाग सांगतो, म्हणून बत्तीसपेक्षा पंचेचाळीस मोठे.

दुकानदाराने माझ्यापुढे एकनळी आणि दुनळी अशा दोन बंदुका ठेवल्या. बंदूक अंगाला बसते की नाही ते कसे पाहायचे, हेही त्यानेच दाखवले. दस्त्याचे बूड कोपराच्या खोबणीत टेकवून हात पुढे करावा. बोटाचे पेर आपसूक चापावर आले तर दस्त्याची लांबी साधारण बरोबर. मग डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी आणि डोळे उघडावेत. नजर सरळ नळीवरून पुढच्या माशीवर गेली तर ती आपल्या अंगाची. मान वाकवावी किंवा ताणावी लागली तर ती दुसऱ्या कोणाची. आणखी एक गोष्ट मला माझीच सुचली. वालाची राखण ऐन थंडीतली. सदऱ्यावर बरोबर बसणारी बंदूक अंगावर घोंगडी असली की लांब पडते आणि दस्ता काखेत अडकतो. मी दुकानातच शाल दुहेरी करून खांद्यावर टाकली आणि पुन्हा लावून पाहिली. दुकानदार हसला, पण म्हणाला, "हे बरं केलंत."

दुनळीत दोन बार एकामागून एक काढता येतात. तिला वजन जास्त, म्हणून धक्का थोडा कमी लागतो. एकनळी हलकी. रात्री बांधावरून, चिखलातून ती नेणे सोपे. पण हलकी बंदूक खांद्याला जास्त लागते, हे लक्षात ठेवा. काडतूस तेच, दारू तीच. जो जोर जड बंदूक स्वतः पचवते तो हलकी बंदूक तुमच्या खांद्यावर टाकते. दस्ता खांद्याला घट्ट धरला तर धक्का सोसतो, सैल धरला तर लाथ बसते. काडतुसे आपल्याकडची, पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात होणारी मिळतात. ब्रिटिशांच्या वेळचा, १८६९ सालचा तो कारखाना.

आता दाजींचे ऐका. दुकानात कोणाचे तरी जुने परदेशी पंचेचाळीस बोअरचे पिस्तूल विकायला आलेले होते. किंमत ऐकून मी खालीच बसलो. दुकानदार म्हणाला की सैन्याची गोळी चालणारे नऊ एमएमचे पिस्तूल आपल्यासारख्याला मिळत नाही, ते मनाई असलेल्या बोअरमध्ये मोडते. साधारण माणसाला मिळते ते बत्तीस बोअरचे सरकारी कारखान्याचे पिस्तूल, नाहीतर रिव्हॉल्व्हर. तरी दाजींची नजर मोठ्यावरच.

त्यांनी ते हातात घेतले. रिकामेच किलोभराचे धूड. मूठ जाड, दाजींची बोटे आखूड. चापापर्यंत बोट न्यायचे तर मूठ तळहातात फिरवून घ्यावी लागे. पहिली गोळी नळीत चढवायला वरचा सरकता भाग जोराने मागे ओढावा लागतो. चाळीस वर्षे माती मळून दाजींच्या बोटांची पेरे सुजलेली. दोनदा ओढले, अर्ध्यावर सुटले. मग दुकानदाराने बत्तीसचे दिले. ते हलके आणि मुठीत बसणारे, पण सरकता भाग त्याचाही ताठच.

दुकानदाराने एक हिशेब कागदावर मांडून दाखवला, तो तुम्हीही करून पाहा. पिस्तुलाच्या मागच्या खाचेपासून पुढच्या माशीपर्यंत अंतर धरा १५ सेंटीमीटर. हात कापून माशी एक मिलिमीटर जरी हलली तरी ३० मीटरवर गोळी २० सेंटीमीटर बाजूला जाते, म्हणजे जवळजवळ एक वीत. बंदुकीच्या नळीवर तेच अंतर ७५ सेंटीमीटर धरले तर तीच चूक चार सेंटीमीटरवर येते. शिवाय बंदुकीला दोन हात आणि खांदा असे तीन टेकू. पिस्तुलाचा सारा भार मनगटावर. "आणि भ्यालेल्या माणसाचं मनगट स्थिर नसतं," असे तो म्हणाला.

पण माझ्या मनात बसली ती वेगळीच गोष्ट. एकनळी बंदूक मधून मोडून उघडली की नळी आरपार दिसते. काडतूस आहे की नाही ते घरातल्या पोरालासुद्धा कळते. पिस्तुलाचे तसे नाही. खालून गोळ्यांची पेटी काढून घेतली की माणसाला वाटते, रिकामे झाले. पण एक गोळी नळीत चढलेली राहू शकते, आणि बाहेरून ती डोळ्यांना सहज दिसत नाही. पुष्कळ घरांत घात झाला तो 'रिकाम्या' पिस्तुलानेच.

मी एकनळी घेतली. दाजी गप्पच होते. येताना पेणजवळ आल्यावर म्हणाले, "तुला एक सांगतो, आक्काला बोलू नकोस. गेल्या हंगामात धाकट्याचं नि माझं कारखान्याच्या वाटणीवरून वाजलं. मी रागानं घरात गेलो, काहीतरी हातात घ्यावं म्हणून. हाताला मिळाली माती कापायची तार. ती घेऊन उंबऱ्यापर्यंत आलो नि माझं मलाच हसू आलं. तिथं जर ते पिस्तूल असतं तर?" पुढे त्यांनी अर्जाचा पाठपुरावा सोडून दिला. आता बहुतेक पैसे बँकेतून नाहीतर मोबाईलवरून येतात, आणि रात्रीच्या टेम्पोबरोबर दोन माणसे जातात. धाकट्याशी वाटणीही पंचांपुढे बसून झाली.

मला त्यांचे बोलणे ऐकून आमचे वडील आठवले. १९८३ च्या थंडीत मी त्यांच्याबरोबर राखणीला होतो. वालात खसखस झाली. वडिलांनी बंदूक रोखली, बोट चापावर गेले. एवढ्यात समोरून खोकल्याचा आवाज आला. शेजारचे काका आपल्या शेतातले डुक्कर हाकलत आमच्या बांधावर वाकून येत होते. वडिलांनी बंदूक खाली ठेवली आणि कितीतरी वेळ ते तसेच बसून राहिले. त्यानंतर त्यांनी ठासणीत छर्रे कधी भरले नाहीत. नुसती दारू ठासून आवाजापुरता बार काढायचे. दसऱ्यानंतर रोह्याला धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा पोलीस बंदुकांसह मानवंदना देतात. आम्हाला खांद्यावर घेऊन ती दाखवताना वडील म्हणायचे, "बंदूक ही अशी असावी. दिसावी, पण सुटू नये."

तेव्हा वाचकहो, एवढे ध्यानात ठेवा. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे त्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते. पिकाचे नुकसान झाले तर तीन दिवसांच्या आत वनरक्षकाकडे किंवा वनपालाकडे तक्रार द्यावी. भरपाई मिळण्याची सोय आहे. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येऊ शकतो, आणि डुकराला आचारसंहिता कळत नाही. म्हणून कुंपण, उजेड आणि शेजाऱ्यांबरोबर पाळीने राखण, हे आधी, बंदूक शेवटी.

आमच्या शिवारात आता आम्ही एक रीत पाडली आहे. आधी बॅटरीचा झोत टाकायचा, मग तीनदा हाक मारायची, आणि राखणीला कोण कोण कुठे आहे ते संध्याकाळीच एकमेकांना सांगून ठेवायचे. बंदूक कपाटात कुलपात असते, काडतुसे दुसऱ्या कुलपात. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी मंडळींकडे. मी भांडून घरात आलो असेन त्या रात्री ती किल्ली देत नाही. "आज पोरं राखण करतील, तुम्ही जेवा नि झोपा," म्हणते.

इतक्या वर्षांत तिने दिलेला हा सल्ला मी एकदाही मोडलेला नाही.